उठून निघण्याची रीत

दोह्यात मी नळ विकायचे. बार्शीला कुणाला हे सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. इंजिनियर झालेली, विमानाने परदेशी गेलेली पोरगी नळ विकते, हे त्याच्या पचनी पडायचं नाही. मग मी मुद्दाम पुढे सांगायचे की शॉवरही विकते, आणि बेसिनसुद्धा. आमच्या कतरी साहेबांच्या कंपनीत बाथरूमच्या सामानाचा विभाग माझ्याकडे होता आणि सगळा माल दक्षिण चीनमधल्या एकाच कारखान्यातून यायचा. कतारपुरती त्या कारखान्याची एजन्सी आमच्याकडे होती. म्हणजे त्यांचा नळ या देशात कुणाला हवा असेल, तर त्याला माझ्या टेबलासमोर येऊन बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

या एजन्सीवर माझं सगळं उभं होतं. अल थुमामातलं घर कंपनीचं, मुलीच्या शाळेची फी कंपनी भरायची. नवऱ्याची नोकरीही इथेच, पण छोट्या ऑफिसातली, दरवर्षी करार वाढतो की नाही याची धाकधूक असलेली. मुलगी अकरावीत. एजन्सी गेली तर विभाग बंद, विभाग बंद झाला तर माझी नोकरी जाणार, आणि मग मुलीला बारावीच्या तोंडावर शाळेतून काढून भारतात कुठेतरी नेऊन टाकायचं. हा विचार मी रोज करत नसे, पण तो घरात असायचाच. एखादं विमान घरावरून अगदी कमी उंचीवरून गेलं की जरा जास्त असायचा.

माझ्या गिऱ्हाइकांत भूमचा एक माणूस होता. प्लंबर म्हणून आला आणि हळूहळू स्वतःची माणसं जमवून द पर्ल या श्रीमंत वस्तीतल्या फ्लॅटांची बाथरूमं नवी करून द्यायला लागला. बायकोमुलं गावी, हा इथे चौघांत एक खोली घेऊन राहायचा. तो आला की माझ्या वातानुकूलित ऑफिसात बाजार भरायचा. मी भाव सांगितला की तो कपाळाला हात लावायचा.

"काय ओ ताई, आपल्या माणसाला बी हाच भाव का?"

मी थोडी खाली उतरायचे. तो अजून थोडं मागायचा. मी मान हलवायचे. मग तो हेल्मेट काखेत मारायचा, गाडीची किल्ली उचलायचा, "बरं, यल्ला, येतो मग," म्हणायचा आणि दाराकडे चालायला लागायचा. मी त्याला दारापर्यंत जाऊ द्यायचे. त्याने दाराच्या मुठीला हात घातला की म्हणायचे, "भाऊ, बसा. चहा तरी घेऊन जा." तो लगेच वळायचा. चहा यायचा, मी आणखी थोडं सोडायचे आणि दोघंही आपण जिंकलो म्हणून खूश व्हायचो.

ही रीत आम्हाला दोघांनाही एकाच बाजारातून मिळाली होती. भूमची माणसं खरेदीला बार्शीला येतात, आणि बार्शीच्या बाजारात माझी आई म्हणजे दुकानदारांच्या दृष्टीने एक संकटच होतं. साडीच्या दुकानात गादीवर ढीग पडेपर्यंत ती साड्या उलगडायला लावायची, शेवटी एकीवर बोट ठेवायची आणि मग असा भाव सांगायची की दुकानदाराचा चेहरा बघवत नसे. तो हसायचा, ही उठायची. उठण्याचे तिचे नियम होते. उठायचं तर खरंखुरं उठायचं, पिशवी, छत्री, लहान मूल, यांतलं काही मागे ठेवायचं नाही. वळून बघायचं नाही. पायऱ्या मात्र सावकाश उतरायच्या, कारण दुकानदाराला हाक मारायला वेळ मिळाला पाहिजे. "अहो वहिनी, या की परत," ही हाक आली की आई थांबायची. तिच्या मते सौदा होतो तो त्या हाकेत, बाकी सगळं नुसतं बोलणं. एकदा बाबा छत्री विसरले आणि ती आणायला आपणहून परत दुकानात शिरले. दुकानदाराने एक पैसा कमी केला नाही. त्या साडीला आमच्या घरात ती फाटेपर्यंत छत्रीची साडी म्हणत.

हीच रीत घेऊन मी पहिल्यांदा चीनला गेले तेव्हा तिशीही गाठली नव्हती. मनात भीती होती, की तिथे हे कुणाला कळेल का. नळांचं ते गाव म्हणजे नुसते कारखाने, मध्ये भातखाचरं, तळी आणि तळ्यांत बदकं. विमानतळावर कारखान्याची एक मुलगी माझ्या नावाचा पुठ्ठा छातीशी धरून उभी होती. माझ्याच वयाची, गुलाबी जॅकेट, केस मागे घट्ट बांधलेले. ती सेल्समध्ये होती, दुभाषीही तीच आणि माझी पिशवी उचलणारीही तीच. ती मला सिस्टर म्हणाली, मीही तिला सिस्टर म्हणाले, आणि पुढे तेच चालू राहिलं.

भावाची बोलणी आम्ही कॅल्क्युलेटरवर करायचो. ती आकडा टाकून यंत्र माझ्याकडे सरकवायची, मी तो पुसून माझा आकडा टाकायचे, ती "अय्या" असं काहीतरी म्हणून डोळे मिटायची. तिसऱ्या फेरीला मी उठले. पर्स घेतली, नमुन्यांची पिशवी घेतली, आणि जिना सावकाश उतरले. खालच्या पायरीवर पोचते तोच वरून चपलांचा आवाज आला. कॅल्क्युलेटर हातात धरून ती धावत येत होती. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मला खोकल्याचं नाटक करावं लागलं. जगाच्या दुसऱ्या टोकाला आईची हाक जशीच्या तशी सापडली होती. एका वर्षी तर मी टॅक्सीत बसून टॅक्सी सुटल्यावर ती बाजूने पळाली आणि काचेवर आकडा धरला. मी उतरले. मग दोघी जेवायला गेलो आणि तिने माझ्यासाठी नुसत्या पाण्यात उकडलेल्या पालेभाज्यांचा डोंगर मागवला.

मी तिला शेंगाची चटणी खाऊ घातली. तिने ती भातावर, नूडल्सवर, आणि एकदा माझ्या डोळ्यांदेखत सफरचंदावर घालून खाल्ली. तेव्हापासून दर फेरीला तिच्यासाठी चटणीचा पुडा न्यायचा हे ठरूनच गेलं. ती तेव्हा कारखान्याच्या वसतिगृहात राहायची, एका खोलीत आठ जणी. गॅलऱ्यांतून धुतलेले निळे गणवेश वाळत असायचे. खाली पॉलिशच्या शेडमध्ये माणसं फिरत्या चाकावर नळ धरून घासायची, पितळेच्या काळ्या भुकटीने त्यांचे चेहरे माखलेले असायचे, आणि मी गेले की सगळे दात दाखवून हसायचे. मला त्यांची कणव यायची. खरं सांगायचं तर, जरा श्रेष्ठ असल्यासारखंही वाटायचं. मी दोह्याहून आलेली, गिऱ्हाईक.

ती सेल्सची मुख्य झाली, मग मालकाची भागीदार झाली. मध्ये एकदा दोह्याला आली, तेव्हा मी तिला द पर्लला फिरवलं. बोटी, इमारती, काचेची दुकानं बघून ती हरखून गेली. प्रत्येक कोपऱ्यात उभी राहून फोटो काढले. "हे सगळं समुद्रात भराव घालून?" असं तिने मला पुन्हा पुन्हा विचारलं आणि मी, जणू तो भराव मीच टाकला होता, अशा थाटात हो म्हणाले.

मग साथीची वर्षं आली. जाणं बंद झालं. फोनवर एकमेकींचे चेहरे दिसायचे, माल वेळेवर येत होता, भावाचं बोलणं ईमेलवर जेमतेम उरकत होतं. सगळं सुरू झाल्यावरही मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले, कारण अडत काहीच नव्हतं. शेवटी एका वर्षी कारखान्याने भाव एकदम वाढवला, साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मला म्हणाले, "तू स्वतः जा. तू गेलीस की ते खाली येतात." मलाही तसंच वाटत होतं. चटणीचे दोन पुडे घेऊन मी विमानात बसले.

त्या फेरीत मला पहिला धक्का बसला तो बदकं नसल्याचा. विमानतळावरून पूर्वी टॅक्सीने अर्धा दिवस मोडायचा, त्या जागी मी एका आगगाडीत बसले आणि पाण्याची बाटली संपायच्या आत उतरले. स्टेशनच्या बाहेर आले तर गाव ओळखूच येईना. मी सिस्टरला विचारलं, इथली तळी कुठे गेली. ती म्हणाली, "तू तळ्यावरच उभी आहेस." मी खाली बघितलं. ग्रॅनाइटची फरशी होती, स्वच्छ, आमच्या साहेबांच्या बंगल्यात आहे त्याहून चांगली.

ती मला न्यायला स्वतः आली होती. पुठ्ठा नव्हता, गुलाबी जॅकेट तर नव्हतंच. तिची गाडी आवाज न करता चालायला लागली आणि तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. गाडी आपली आपण वळत होती, थांबत होती, दुसऱ्या गाडीला वाट देत होती. ती माझ्याशी माझ्या मुलीच्या शाळेबद्दल गप्पा मारत होती आणि मी कारखाना येईपर्यंत नसलेल्या ब्रेकवर पाय दाबून बसले होते. माझी पोटरी दुखायला लागली.

कारखान्यात पोचलो. तिने पॉलिशच्या शेडचं दार उघडलं आणि आत मिट्ट काळोख होता. काळोखात कसलीतरी हालचाल चालली होती, एकसारखा, मऊ, सरसर आवाज. मला वाटलं वीज गेली असावी. मी तसं म्हणाले. ती हसली. "यंत्रांना दिवा कशाला?" मग माझ्यासाठी दिवे लावायचं ठरलं, तर बटण कुठे आहे हेच कुणाला आठवेना. तिने कुणाला तरी फोन केला, त्याने आणखी कुणाला तरी विचारलं, शेवटी एका कपाटामागे बटण सापडलं. दिवे लागले आणि मी तोंडात बोट घालायचीच बाकी राहिले. शेड या टोकापासून त्या टोकापर्यंत यंत्रांच्या हातांनी भरलेली होती. एक हात नळ उचलत होता, दुसरा घासत होता, तिसरा गोल फिरवून तपासत होता. माणूस एकही नव्हता. भुकटीसुद्धा नव्हती.

"ती सगळी माणसं कुठे गेली?" मी विचारलं.

"काही गावी गेली. काही पार्सलं पोचवतात. काहींचं माहीत नाही." तिने हे हवापाणी सांगावं तसं सांगितलं. वसतिगृहाच्या जागी आता कॉफीचं दुकान होतं. गॅलऱ्या तशाच ठेवल्या होत्या, त्यांत कुंड्या लावल्या होत्या. तिथे बसून ती मला म्हणाली, "गेल्या वर्षी कामासाठी मी तुमच्या दोह्यात दोन दिवस होते. द पर्ल अजून तसंच आहे ना." मला ते झोंबलं. द पर्लला काय झालंय, मी मनात म्हणाले. ती येऊन गेली आणि मला फोनसुद्धा केला नाही, हे त्या झोंबण्यात माझ्या लक्षात आलं नाही.

मग आम्ही तिच्या ऑफिसात बसलो. जुन्या इमारतीला दोन मजले खाली जाणारा तो जिना होता, इथे विसाव्या मजल्यावर काचेची खोली होती. मी चटणीचे पुडे दिले, तिने ते नाकाशी धरले, डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखी. मला बरं वाटलं. मी म्हणाले, चल, काढ कॅल्क्युलेटर. तिने टेबलावरचा कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर आमच्या मालाचे भाव होते आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांतला एक बदलला. तांब्याचा भाव हलला की आमचाही हलतो, ती म्हणाली, हे आता कुणी माणूस ठरवत नाही.

मी माझा आकडा सांगितला. तिने मान हलवली. मी थोडी वर गेले. तिने पुन्हा मान हलवली, हसून. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती हसलीही नाही. मग मी उठले.

पर्स घेतली, नमुन्यांची पिशवी घेतली, जॅकेट घेतलं, चष्म्याचं घर घेतलं. वळून बघितलं नाही. सावकाश चालत काचेच्या दाराबाहेर गेले, लांबलचक पॅसेज ओलांडला आणि लिफ्टपाशी उभी राहिले. बटण दाबलं नाही. कानात प्राण आणून चपलांचा आवाज ऐकत होते.

आवाज आला नाही. लिफ्ट मात्र आपणहून आली. दार उघडलं आणि आतून माझ्या गुडघ्याएवढी, चाकांची एक पेटी पार्सलं घेऊन बाहेर आली. ती माझ्यासमोर थांबली, चिनी भाषेत काहीतरी गोड आवाजात बोलली आणि मी बाजूला व्हायची वाट बघत राहिली. मी बाजूला झाले. लिफ्ट गेली. फोन काढून बघितला तर मुलीच्या शाळेचा निरोप होता, बारावीचे विषय पक्के करून कळवा. तो मी पुन्हा पुन्हा वाचला. अजूनही कुणी आलं नव्हतं.

मी इतकी हादरले होते की काय करावं तेच सुचेना. खाली गेले तर एजन्सीचं काय? साहेबांना जाऊन काय सांगू? आणि परत जाऊ तर कशाच्या निमित्ताने? आईच्या नियमाप्रमाणे मी मागे काहीही ठेवलं नव्हतं. चटणी होती, पण ती दिलेली वस्तू. मला बाबांची छत्री आठवली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी विसरून आले असते तर किती बरं झालं असतं.

शेवटी हात हलवत परत गेले. काचेचं दार ढकललं. चेहरा कसा ठेवावा ते कळत नव्हतं. ती चहा ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "वॉशरूम सापडलं ना? आता ते डावीकडे केलंय."

"हो," मी म्हणाले, आणि बसले.

तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या हातावर हात ठेवला. "सिस्टर, एक गोष्ट फोनवर सांगायची नव्हती." पुढच्या वर्षापासून कुठल्याच देशात एजन्सी राहणार नव्हती. कंपनी सगळीकडे स्वतःच उतरणार होती. दोह्यात शोरूमची जागा घेऊन झाली होती, त्याचसाठी ती येऊन गेली होती. ते शोरूम मी चालवावं असं तिचं म्हणणं होतं. पगार जवळपास आत्ताएवढाच, घर आणि मुलीची फीही देणार. अट एकच. भाव पडद्यावरचा, कुणालाही कमी करायचा नाही.

पायाखालची जमीन सरकली, असं आपण किती सहज म्हणतो. मी खरोखर टेबलाची कड धरली होती. वर्षभर ही माझ्याशी चटणीच्या गप्पा मारत होती आणि मनात हे होतं. तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. विचार करून सांगते, एवढंच मी म्हणाले.

दोह्याला आल्यावर साहेबांकडे गेले. ते दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदला त्यांच्या शेतावर होते. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्यांनी कॉफीचा छोटा कप हलवून पुरे अशी खूण केली आणि म्हणाले, "खलास, तर खलास." त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ते आता विजेवर चालणाऱ्या गाड्या आणणार होते, त्याही चीनच्याच. "तू त्यांच्याकडे जा. नोकरी बदलायचे कागद मी अडवणार नाही," ते म्हणाले. इतकी वर्षं काम केलं तो विभाग एका कॉफीत संपला.

घरी मी रागाने फणफणत होते. एजन्सीपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली होती.

"तिला वाटलं मी वॉशरूमला गेले!" मी नवऱ्याला सांगत होते. "जी माझ्यामागे टॅक्सीबरोबर धावली, तिला माझं उठणंसुद्धा कळलं नाही. माणूस इतकं विसरतं?"

नवरा पोळी मोडता मोडता म्हणाला, "विसरली नसेल गं. तुला जायचंय की नाही तिच्याकडे, ते बोल."

मुलगी ताटावरून मान वर न करता म्हणाली, "सो वी आर स्टेइंग, राइट?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिच्या आवाजात मला जे ऐकू आलं त्यापुढे माझा राग कुठे टिकणार होता. मी हो म्हणाले. त्याच आठवड्यात चीनलाही होकार कळवला.

शोरूम चांगलं आहे. एका उंच इमारतीत, काचेचं दार, समोर लिफ्ट. मी टेबलाशी बसते, पडदा भाव सांगतो, मी तो वाचून दाखवते. सुरुवातीला आलेली गिऱ्हाइकं नवी होती, मोठ्या कंपन्यांची. ती पडद्याकडे बघायची, मान डोलवायची आणि सही करायची. मला वाटायला लागलं, की हे तर फारच सोपं आहे.

मग एक दिवस भूमचा माणूस आला. जुन्या ऑफिसातून पत्ता काढत आला होता. बसल्या बसल्या त्याने सगळीकडे नजर फिरवली. "लई भारी झालंय, ताई. मशाल्ला." द पर्लमध्ये त्याला मोठं काम मिळालं होतं, बऱ्याच फ्लॅटांचं. मी भाव वाचून दाखवला. त्याने कपाळाला हात लावला.

"काय ओ ताई, आपल्या माणसाला बी हाच का?"

"हाच आहे, भाऊ. आता सगळ्यांना हाच."

त्याने आणखी एकदा मागितलं, आणि आणखी एकदा. मी मान हलवत राहिले. मग त्याने हेल्मेट काखेत मारलं, किल्ली उचलली, फोन घेतला, अर्धी प्यालेली पाण्याची बाटलीसुद्धा घेतली. "बरं ताई. यल्ला. येतो मग." आणि चालायला लागला.

"भाऊ, बसा" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. कारण आमच्याकडे हाक मारणं म्हणजे भाव उतरवणं. त्याला परत बोलावून पुन्हा तोच भाव सांगायचा, हा त्या माणसाचा अपमान झाला असता. माझ्याकडे उतरवायला काही नव्हतं, मग हाक कशाची मारणार होते?

काचेतून तो मला दिसत होता. लिफ्टपाशी उभा होता. त्याने बटण दाबलं नाही. लिफ्ट आली, दोन बायका उतरल्या, लिफ्ट गेली. त्याने फोन काढला आणि त्यात बघायला लागला. त्या फोनमध्ये काही नव्हतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याची मान किंचित माझ्या बाजूला कललेली होती, कान दिल्यासारखी. मला इतकं वाईट वाटलं की मी पडद्याकडे तोंड फिरवलं. त्याला दुसरीकडे हा माल मिळणार नव्हता आणि हातातलं काम सोडणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याला परत यावंच लागणार होतं आणि मागे तो काहीही विसरला नव्हता.

थोड्या वेळाने काचेचं दार उघडलं. तो आत येऊन उभा राहिला. मोठा, उन्हाने रापलेला माणूस, हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं, आणि चेहरा कुठे ठेवावा ते न कळणारा. आणि मला काही सुचायच्या आत, पडद्यावरची नजर न काढता, माझ्या तोंडून निघून गेलं, "वॉशरूम सापडलं ना, भाऊ? ते डावीकडे आहे."

तो क्षणभर थांबला. मग त्याचे खांदे सैल झाले. "हां, सापडलं की," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

तेव्हा मला कळलं. ती काहीच विसरली नव्हती. त्या विसाव्या मजल्यावर चहा ओतताना तिने माझ्या पावलांचा आवाज पॅसेजच्या टोकापर्यंत ऐकला असणार, तो तिथे थांबलेलाही ऐकला असणार. तिलाही हाक मारता येत नव्हती. म्हणून तिने मला परत यायला एक निमित्त देऊन ठेवलं आणि माझ्याकडे न बघता दिलं. आणि मी इतके महिने त्यावरून तिला शिव्या घालत होते.

"मंग तोच भाव का, ताई?" त्याने हळूच विचारलं.

"तोच, भाऊ."

"बरं. लिहा मग." त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं. "चहा तरी पाजा."

आमच्या शोरूममध्ये चहा मशीनचा आहे. ज्याने त्याने बटण दाबून आपला आपण घ्यायचा, तशी पाटीच लावली आहे. मी उठले आणि त्याचा कप भरून आणला.